दाजींच्या गाडीचा आवाज

रामनगर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

अक्का,

तुझ्या पाया पडतो. इकडं आम्ही सगळी बरी आहोत, तुम्हीही तिकडं बऱ्या असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. दाजींना जाऊन दोन महिने झाले. तू कितपत बरी असशील ते मला कळतं.

दिग्गीत फोन लागत नाही. नेत्रा टेकडीवर चढून फोन लावते, तेव्हा मी म्हणतो, आईला दे. ती म्हणते, आई आली नाही. तीन वेळा असं झालं. म्हणून शेवटी कागद घेतला. मामाकडं राहून आपण दोघं मराठी चौथीपर्यंत शिकलो, ते निदान पत्रापुरतं उपयोगी पडू दे. माझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीनं उकरल्यासारखं. हसू नकोस.

सुमंगला म्हणते, नणंदेला पत्र लिहिताय तर लिहा की खोबरं आणि मिरची पाठवलीय, पिशवीत खाली नेत्राचा स्वेटर आहे. तो मोठा झाला तर बाह्या दुमडून घालायचा. ती आता नववीत ना? मुलींची उंची कधी वाढते कळत नाही.

माझं गॅरेज बरं चाललंय. नवीन पत्रे घातले. जोयड्यापासून माणसं गाड्या घेऊन येतात, म्हणतात परशू मेस्त्रीचाच हात पाहिजे. हे मी सांगू नये, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला.

दाजींची गाडी इथंच आहे. तिचं काम मी स्वतः केलं. पुढचे शॉक दोन्ही वाकले होते, ते नवीन घातले. हँडल सरळ केलं. मडगार्ड, हेडलाइट, इंडिकेटर, क्लचची केबल, डाव्या बाजूचं फूटरेस्ट, सगळं बदललं. टाकीवर पोचा होता, तो काढून रंग मारला. चेनला तेल दिलं. आता गाडी शोरूममधून आणल्यासारखी दिसते. नेत्रा अठराची झाली की तिला देऊ, नाहीतर विकू, तू म्हणशील तसं.

बाराव्याला मांडावर गाव जमला असताना जे बोलणं झालं ते तू मनाला लावून घेऊ नकोस. अशा वेळी माणसं काहीबाही विचारतात, आणि आपणही काहीबाही बोलून जातो. दाजींचं आयुष्य तेवढंच होतं. गवा काय कुणाला विचारून येतो?

तुझ्या सासूबाईंना, देवकी मावशींना नमस्कार सांग. मुलगा गेलेल्या बाईला दुसरं काय सांगणार. त्यांचं काही टोचून बोलणं असेल तर ऐकून घे.

उत्तर पाठव. नुसतं ‘पोचलं’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझा धाकटा,
परशू


रामनगर,
बुधवार, ७ मे २०२५

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. मी सुमंगलाला सांगत होतो, पोस्टात पत्र हरवलं असेल. ती म्हणाली, ‘‘पत्र न्हाई हरवलं. तुमचंच काय तरी हरवलंय.’’ मी तिच्यावर खेकसलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

काल तुझी शेजारीण कविता गॅरेजवर आली होती. माहेरी आली आहे, भावाच्या स्कूटीचा ब्रेक लागत नव्हता. स्टूल दिलं तर बसली नाही. चहा मागवला तर घेतला नाही. मी ब्रेक आवळत होतो आणि ती माझ्या डोक्यावर उभी राहून बोलत होती.

‘‘तुमच्या अक्काला रानात कोण ओ देत न्हाई, ठावं हाय तुमास्नी?’’

मला आधी समजलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. बायका पाला आणायला रानात जातात. वळण आलं की तू कुकारा घालतेस. पुढं गेलेल्या बायका एकमेकींना ओ देतात, तुला कुणी देत नाही. तू थांबतेस, पुन्हा कुकारा घालतेस, मग एकटीच पुढं जातेस. घरात मावशी तुला बियाण्याच्या कणगीला हात लावू देत नाहीत. म्हणतात, ‘‘जिनं माझ्या लेकाच्या गाडीचा गळा दाबला तिचा हात बियाला नगं.’’ आणि येत्या सोमवारी गावप्रमुख झिलू गावकार मांडावर गावाची बैठक बसवणार आहेत. नेत्रानं आजीपाशी राहायचं आणि तू गुंदला माहेरी जायचं, असं ठरत आलंय.

मी विचारलं, ‘‘मग अक्का काय म्हणते?’’

‘‘काय म्हणनार? म्हणती, व्हय, माझ्याच तोंडानं गेला त्यो. पाठवा मला.’’

मी आवळलेला ब्रेक पुन्हा ढिला करून बसलो. कविता बघत राहिली. तिला वाटलं असेल, बहिणीचं दुःख ऐकून भावाचं कामातलं लक्ष उडालं. मी तिला तसंच वाटू दिलं. ही माझी सवय तुला सांगतो आहे, पुढं उपयोगी पडेल.

आता मुद्द्याचं लिहितो. पहिल्या पत्रात मी गाडीच्या सगळ्या भागांची नावं लिहिली. शॉक लिहिले, केबल लिहिली, फूटरेस्टसुद्धा लिहिलं. सायलेन्सर लिहिला नाही. विसरलो नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी दाजी पहिल्यांदा त्या गाडीसाठी माझ्याकडं आले तेव्हाची गोष्ट तुला पूर्ण माहीत नाही. इथं पोरं येतात, त्यांना सायलेन्सर फाडून फटाक्यासारखा आवाज हवा असतो. मला वाटलं, दाजींनाही म्हातारपणी मिसरूड फुटलं. मी चेष्टा केली. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘मला वरचा आवाज नगं परशू. वरच्या आवाजाला गवा बुजतो, अंगावर येतो. खालचा पायजे. लांबनं कानावर पडंल असा. मग जनावर आपलं आपण सरकतं.’’

अक्का, बाबा आपल्याला रानातून न्यायचे ते आठवतं? प्रत्येक वळणाच्या अलीकडं थांबून कुकारा घालायचे. मी एकदा विचारलं होतं, समोर कुणीच नाही, हाक कुणाला मारता? म्हणाले, ‘‘रानाला सांगतुया, आमी येतुया म्हनून.’’ दाजींना तोच कुकारा गाडीत हवा होता. गाडीवर बसून तोंडानं घालता येत नाही ना.

मी आठ दिवस त्या शंभर सीसीच्या गाडीच्या मागं लागलो होतो. आतली जाळी काढली तर आवाज नुसताच फाटका यायचा. मग भंगारातून एका मोठ्या गाडीच्या सायलेन्सरचं पोट आणलं, कापून जोडलं, शेपटीकडची नळी थोडी थोडी कमी केली. आम्ही सुप्याच्या धरणाच्या पाण्याकडं गेलो. मी या काठानं गाडी चालवायची आणि दाजी त्या काठाला उभे राहून ऐकणार. पसंत पडलं की टॉवेल वर करायचा असं ठरलं. चार वेळा त्यांनी टॉवेल वर केला नाही. चार वेळा मी तिथंच सायलेन्सर उतरवला, नळी कापली, पुन्हा बसवला. हात भाजले. मनात शिव्या दिल्या. पाचव्या वेळी टॉवेल वर गेला आणि मोठा माणूस पाण्याकाठी लहान मुलासारखा नाचला. मी आयुष्यात पुष्कळ इंजिनं बांधली, पण त्या आवाजाइतकं चांगलं काम माझ्या हातून दुसरं झालं नाही.

तो आवाज तुम्हाला सगळ्यांना माहीत होता. गाडी ओढ्याच्या पलीकडं असतानाच तू भात वाढायला घ्यायचीस.

गेल्या दिवाळीनंतर इथं पोलिसांनी मोठ्या आवाजाच्या गाड्या धरायला सुरुवात केली. ते त्यांचं कामच. तीन पोरांना धरलं, विचारलं, हे कुणी करून दिलं? तिघांनी माझं नाव घेतलं. मला बोलावून समज दिली, पुन्हा अशी गाडी तुझ्या दारातून निघाली तर गॅरेज बंद होईल. माझी पाचावर धारण बसली. घरी येऊन सुमंगलालाही सांगितलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी दाजी आले. क्लच प्लेट गेली होती. गाडी लावली, जाताना सांगून गेले, ‘‘आवाजाला हात लावू नको हां.’’ हे शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितले, अक्का. तू नाही, त्यांनी. आणि मांडावर मी जे सांगितलं त्याच्या नेमकं उलटं सांगून गेले. ते बाजारातून येईपर्यंत मी क्लच बसवला आणि तो सायलेन्सर उतरवून कंपनीचा गपगार सायलेन्सर घातला.

ते आले, किक मारली, आणि तसेच उभे राहिले. पुन्हा बंद केली, पुन्हा मारली.

‘‘हिचा आवाज कुटं गेला?’’

मी पोलिसांचं सांगितलं. म्हणालो, जरा दिवस जाऊ देत, मग पुन्हा लावून देतो.

‘‘पोलिस रामनगरात हायत. मला रानात जायाचं हाय. दोन तर बोल्ट हायत परशू. आत्ता लाव, रामनगर सुटूस्तवर ढकलत न्हेतो.’’

ढकलत नेतो म्हणाले. मैलभर गाडी ढकलायला तयार होता तो माणूस. गॅरेजात तेव्हा दोन गिऱ्हाईकं उभी होती, ती ऐकत होती. मला लाज वाटली. आपला दाजी गावंढळ आहे, जनावरांना घाबरतो, असं त्यांना दिसेल याची लाज. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणालो, ‘‘आता कुकारा कोण घालतो दाजी? हॉर्न हाय की गाडीला.’’

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘‘हॉर्न म्हंजे जवळ जाऊन अंगावर वरडणं. कुकारा म्हंजे आधी सांगणं. तू गुंदचा हाईस, तुला मी शिकवायचं?’’ मग पिशवी हँडलला अडकवली आणि निघाले. जुना सायलेन्सर माझ्या बाकाखाली तसाच पडला होता. बोल्ट खोलून लावायला मला दहा मिनिटं लागली असती.

पुढचं तुला माहीत आहे. दुपारी चार वाजता, ओढ्याच्या वळणावर, बांबूच्या आड गवीण पिल्लाला घेऊन उभी होती. गवत कापणाऱ्या दोन बायका तिथंच होत्या, त्या म्हणाल्या, गाडी आलेली आम्हालाही कळली नाही. हॉर्न तेवढा ऐकला. म्हणजे दाजींनी माझं ऐकून हॉर्न वाजवला, तो तिच्या अंगावरच वाजला, आणि ती गाडीवर धावून आली. दवाखान्यात नेणारी जीप जोयड्याला पोचायच्या आत ते गेले.

आता बाराव्याचं लिहितो. हे लिहायला मला सकाळपासून दुपार झाली आहे, मध्ये दोन पंक्चर काढली, काम नसताना.

मांडावर सगळा गाव बसला होता. झिलू गावकारांनी विचारलं, ‘‘उमाजीच्या गाडीचा आवाज कुणी बंद केला?’’ सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण दिग्गीतल्या सगळ्या गाड्या माझ्याकडंच येतात. मला तेवढ्यात गॅरेज दिसलं, पोलिस दिसले, देवकी मावशी दिसल्या. आणि मी म्हणालो, ‘‘अक्कानं सांगितलं होतं. तिला आवाजाचा त्रास व्हायचा.’’

हे मी कुठून आणलं तेही तुला ठाऊक आहे. गणपतीच्या चवथीला सगळे जेवायला बसलेले असताना तू हसत हसत म्हणाली होतीस, ‘‘ह्या गाडीनं माझ्या फळीवरच्या कपबशा नाचत्यात. परशू, हिचं तोंड जरा बांध की.’’ सगळे हसले होते, दाजी सगळ्यात मोठ्यानं. ती चेष्टा होती. मी ती उचलली आणि माझ्या खोट्याला ठिगळ लावलं. ते लोकांना आठवतच होतं, त्यामुळं पक्कं बसलं.

तू बायकांच्या मागं बसली होतीस. माझ्याकडं बघितलंस आणि खाली बघितलंस.

हे सहा महिने मी काय समजत होतो, ऐक. मला वाटत होतं, तुला खरं माहीत आहे. अक्कानं भावाला वाचवायला तोंड बंद ठेवलं. लहानपणी मामाकडं मी हंडी फोडली तेव्हा तू मार खाल्लास, तसंच. या समजुतीवर मी जेवलो, झोपलो, नवीन पत्रे घातले. तुझे उपकार फेडीन म्हणून तुझ्या नवऱ्याच्या गाडीच्या टाकीला रंग मारला. आणि काल कविता सांगते, तू म्हणालीस, माझ्याच तोंडानं गेला तो.

म्हणजे तू मला वाचवत नव्हतीस. तुला ते खरंच वाटलं. भाऊ चारचौघांत सांगतो म्हणजे खरंच असेल, माझंच बोलणं त्यानं मनावर घेतलं असेल, असं तू धरून चाललीस. सहा महिने तू रोज उठून भात शिजवलास आणि आपण नवऱ्याला मारलं असं समजत राहिलीस. अक्का, हे मला सहन होत नाही. मी नुसता खोटं बोललो असतो तर कदाचित कुठं तरी पाय धरायला जागा उरली असती. मी तुझ्या मनात ते घातलं.

म्हणून सरळ लिहितो. तू मला दाजींच्या गाडीबद्दल काहीही सांगितलं नव्हतंस. दाजींनी आवाजाला हात लावू नको असं सांगितलं होतं. मी लावला. त्यांनी परत लावून मागितला. मी दिला नाही. माझ्या भीतीसाठी आणि दोन परक्या माणसांसमोर शहाणा दिसण्यासाठी. मग मांडावर तुझं नाव घेतलं, तेही त्याच भीतीनं. यात तुझा कणभरही दोष नाही. तू चवथीला हसली होतीस, एवढंच केलं होतंस.

सोमवारी मी दिग्गीला येतोय. गाव बसेल तेव्हा उभा राहून हे सगळं बोलणार आहे. सुमंगलाला आज सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘‘मी येते संगं. तुमी वाटंतनं माघारी फिराल.’’ ती मला ओळखते. मीही मला ओळखतो. मी आयुष्यभर शेपूट घातलंय, सोमवारी ऐन वेळी पुन्हा घालणार नाही कशावरून? म्हणून मी स्वतःच्या आधी कागद पाठवतो आहे. हेच सगळं दुसऱ्या कागदावर झिलू गावकारांना लिहिलंय, खाली सही करून, तारीख घालून. दोन्ही पाकिटं कविताकडं देतो, ती उद्या माघारी निघते. तुझ्या हातात हे पडेल तेव्हा त्यांच्या हातात ते पडलेलं असेल. आता मला मागं घेता येणार नाही.

एक करशील? हे पत्र नेत्राला वाचायला दे. तिची शाळा कन्नड आहे, पण हिंदीमुळं तिला ही अक्षरं येतात. तिला मावशींच्या पुढ्यात बसवून मोठ्यानं वाचू दे. तिचा बाप कशानं गेला ते तिला मामाच्या अक्षरात कळू दे. मग ती मला मामा म्हणाली नाही तरी चालेल. पण तिला आईपासून तोडायचा हक्क कुणालाही नाही, मावशींनाही नाही, गावालाही नाही. हे मी गावकारांच्या कागदात दोनदा लिहिलंय.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली की तू देशील, तू तशीच आहेस, आणि मग मी पुन्हा मोकळा होईन. देऊ नकोस. सोमवारी मला बघून घरात गेलीस तरी मी काही म्हणणार नाही. मावशींनी चप्पल काढली तरी उभा राहीन. मला फक्त तू पुन्हा रानात गेलीस की कुणी तरी ओ द्यावी एवढं हवं आहे.

खाली नाव लिहिताना आज ‘तुझा’ लिहायला हात धजत नाही. गावकारांनी बाराव्याला विचारलं होतं, त्याचं उत्तर लिहितो.

उमाजीदाजींच्या गाडीचा आवाज ज्यानं बंद केला तो,
परशुराम